सेल्फ का रुसला?

मित्रांनो, 'यंत्रांच्या पोटात' या आपल्या सदरात गेल्या आठवड्यात एक प्रश्न विचारला होता. उतारावर आपण पायडल मारायचं थांबवलं, तरी सायकलचं मागचं चाक फिरतच राहतं. असं का?

उत्तर अगदी सोपं आहे. मागच्या चाकाच्या मध्यभागी फ्रीव्हील असतं. त्यात छोटे खटके असतात. पायडलचा जोर पुढे आला, की हे खटके दात्यांत अडकतात आणि जोर चाकापर्यंत पोहोचतो. पण चाकच पायडलपेक्षा जोरात पळू लागलं, तर तेच खटके दात्यांवरून टिकटिक करत घसरतात. म्हणजे जोर एका बाजूनं जातो, उलट मात्र येत नाही. हे उत्तर नीट लक्षात ठेवा बरं का! कारण हेच फ्रीव्हील आज आपल्याला मोटारगाडीच्या पोटात भेटणार आहे.

आता कल्पना करा. सकाळची वेळ आहे. शाळेची घंटा व्हायला पंधरा मिनिटं उरली आहेत. आईनं गाडीची किल्ली फिरवली आणि आवाज आला, 'कट्!' बस्स. पुढे काहीच नाही. पुन्हा किल्ली फिरवली. पुन्हा 'कट्!' शेजारचे काका गॅलरीतून म्हणतात, "बॅटरी उतरलीय." खालच्या मजल्यावरचे आजोबा म्हणतात, "छे, छे! सेल्फ गेला." दूधवाला म्हणतो, "धक्का मारा हो, निघेल!"

यातलं खरं कोणाचं? गंमत म्हणजे तिघंही बरोबर असू शकतात आणि तिघंही चूक असू शकतात. नवी बॅटरी काय किंवा नवा सेल्फ काय, हजारो रुपयांचं काम. आणि खरा दोष असतो कधीकधी एका सैल नटाचा! म्हणून आधी पैसे नाही काढायचे, आधी कान लावायचा. गाडीला काय दुखतंय, ते ती आवाजातून सांगत असते.

हँडल मारायचे दिवस

गॅरेजमध्ये ज्याला सगळे 'सेल्फ' म्हणतात, त्याचं पुस्तकी नाव स्टार्टर मोटर. 'सेल्फ' म्हणजे आपणहून. गाडी आपणहून सुरू होते, म्हणून सेल्फ-स्टार्टर. पण पेट्रोलचं इंजिन खरं तर आपणहून सुरू होऊच शकत नाही. आधी त्याला हवा आणि पेट्रोल आत ओढावं लागतं, ते दाबावं लागतं, मग ठिणगी पडते आणि मग कुठे पहिला जोर मिळतो. म्हणजे पहिले काही फेरे दुसऱ्या कुणीतरी फिरवून द्यायला हवेत.

पूर्वी हे काम माणूस करायचा. गाडीच्या नाकाशी उभं राहून, वाकवलेलं लोखंडी हँडल भोकात घालून गरागरा फिरवायचं. ताकदीचं काम होतं, आणि धोक्याचंही. ठिणगी जरा लवकर पडली, तर इंजिन उलटा झटका द्यायचं. हँडल हातावर बसून मनगटाचं हाड मोडल्याची उदाहरणं तेव्हा काही कमी नव्हती.

यातून सुटका केली चार्ल्स केटरिंग या अमेरिकन इंजिनिअरनं. त्यांचा जन्म १८७६ सालचा, ओहायो राज्यातला. मोटारगाड्यांकडे वळण्यापूर्वी ते दुकानातली गल्ल्याची यंत्रं बनवणाऱ्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत होते. तिथे त्यांनी हातानं दांडा ओढून चालणाऱ्या गल्ल्याला विजेची छोटी मोटर बसवली होती. या मोटरला दिवसभर फिरायचं नव्हतं. क्षणभर फिरायचं आणि गप्प बसायचं, एवढंच काम.

मोटारीच्या बाबतीत त्यांनी हाच विचार पुढे नेला. सतत चालणारी ताकदवान मोटर करायची, तर ती अवजड होणार. पण सेल्फला चालायचंय दोन-तीन सेकंद. मग लहान मोटरमध्ये तेवढ्यापुरती भरपूर वीज सोडली तर? मोटर गरम होण्याआधी काम फत्ते! १९१२ च्या मॉडेलच्या कॅडिलॅक गाड्यांमध्ये हा विजेचा सेल्फ बसवूनच मिळू लागला. पाहता पाहता इतर कंपन्यांनीही तो उचलला. दंडात फार ताकद नसलेल्यांनाही एकट्यानं गाडी काढता येऊ लागली.

'लहान मोटर, थोडा वेळ, भरपूर वीज' हे सूत्र नीट ध्यानात ठेवा. सेल्फचे बहुतेक सगळे आजार याच सूत्रातून निघतात.

किल्ली फिरवल्यावर काय काय होतं?

गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. आत सहा घरं, प्रत्येक घराचे साधारण २.१ व्होल्ट. म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी मीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते.

लहान पेट्रोल गाडीचा सेल्फ इंजिन फिरवताना शंभर ते दोनशे अँपिअर करंट ओढतो. हेडलाइटचा ६० वॅटचा एक बल्ब फक्त ५ अँपिअर घेतो. बघा, केवढा फरक! १५० अँपिअर धरले आणि त्या ओढीनं बॅटरी १० व्होल्टवर आली असं धरलं, तर गुणाकार होतो १,५०० वॅट. ७५० वॅटच्या दोन इस्त्र्या एकदम लावल्यासारखंच हे!

एवढा करंट किल्लीच्या बारक्या स्विचमधून पाठवला तर तो जळूनच जाईल. म्हणून मध्ये एक मदतनीस असतो. त्याचं नाव सोलेनॉइड. सेल्फच्या पाठीवर बसलेली ती छोटी डबी. तिच्यात तांब्याच्या तारेची वेटोळी असतात आणि मध्ये एक लोखंडी दांडा. किल्लीकडून थोडासा करंट आला, की वेटोळ्यांचं चुंबक होतं आणि दांडा आत खेचला जातो.

हा दांडा दोन कामं करतो. पहिलं काम, एका काट्यानं सेल्फचं छोटं दातेरी चाक, म्हणजे पिनियन, पुढे सरकवून इंजिनच्या फ्लायव्हीलवरच्या मोठ्या दातेरी रिंगमध्ये अडकवायचं. दुसरं काम, दांडा पार आत गेला, की त्याच्या टोकावरची तांब्याची चकती दोन जाड टोकांना जोडते आणि बॅटरीचा सगळा करंट मोटरमध्ये घुसतो. आधी दाते जुळतात, मग मोटर फिरते. क्रम चुकला तर दात्यांवर दाते आपटतील.

समजा, पिनियनला ९ दाते आहेत आणि रिंगला १०८. म्हणजे सेल्फचे १२ फेरे झाले, की इंजिनचा एक फेरा. लहान मोटर जड इंजिन फिरवू शकते ती या दात्यांच्या जोरावर.

आता इंजिन सुरू झालं. ते मिनिटाला हजार फेरे घेऊ लागलं आणि आईनं किल्ली अजून सोडली नाही. मग उलट इंजिनच सेल्फला फिरवणार! किती वेगानं? हजार गुणिले बारा, म्हणजे मिनिटाला बारा हजार फेरे. आतल्या तारा उखडून बाहेर येतील. पण तसं होत नाही. का बरं? पिनियनच्या मागे आपलं ओळखीचं फ्रीव्हील बसलेलं असतं ना! सेल्फचा जोर इंजिनकडे जातो, इंजिनचा जोर सेल्फकडे येत नाही. मिस्त्री लोक या भागाला 'बेंडिक्स' म्हणतात.

आवाज ऐका, दिवे बघा

आता तपासणी. यासाठी एक रुपयाही खर्च नाही. मोठ्या माणसानं गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढायचा, हेडलाइट लावायचे आणि किल्ली फिरवायची. तुम्ही गाडीसमोरून नाही, बाजूला सुरक्षित उभं राहून भिंतीवरचा उजेड बघायचा आणि कान द्यायचा.

१. 'टक-टक-टक-टक' असा भराभर आवाज आणि दिवे लुकलुकतात : बॅटरी अशक्त आहे किंवा तिचं टर्मिनल सैल आहे. सोलेनॉइड दांडा ओढतं, मोटर जोडली जाते, मोटरच्या ओढीनं बॅटरीचे व्होल्ट धाडकन खाली येतात, चुंबकाची ताकद जाते, स्प्रिंग दांडा मागे फेकते. ओझं उतरल्यावर व्होल्ट पुन्हा वर येतात आणि दांडा पुन्हा आत जातो! शाळेच्या प्रयोगशाळेतली विजेची घंटा अशीच वाजते, आठवतंय?

२. काहीच आवाज नाही, दिवे मात्र लख्ख : बॅटरी ठीक आहे, पण सोलेनॉइडपर्यंत निरोपच पोहोचत नाही. किल्लीचा स्विच, रिले, फ्यूज किंवा बारीक वायर यांपैकी कुठेतरी खंड पडला आहे. ऑटोमॅटिक गाडी गिअरमध्ये असली तरी सेल्फ लागत नाही. बटणाच्या गाड्यांमध्ये ब्रेक किंवा क्लच दाबल्याशिवाय तो लागत नाही. हे आधी बघायचं, कारण याला औषधच लागत नाही.

३. एकच ठसठशीत 'कट्' आणि दिवे तसेच लख्ख : निरोप पोहोचला, दांडा हलला, पण मोठा करंट वाहिलाच नाही. वाहिला असता तर दिवे मंद झाले असते. म्हणजे सोलेनॉइडच्या आतली तांब्याची टोकं जळून खडबडीत झाली आहेत किंवा मोटरचे कार्बन झिजले आहेत. सेल्फकडे येणारी जाड वायर किंवा इंजिनची अर्थिंगची पट्टी गंजली असली तरी असंच होतं.

४. एकच 'कट्' आणि दिवे एकदम मंद : करंट भरपूर ओढला जातोय, पण फिरत काहीच नाही. एक तर बॅटरी दमलेली आहे किंवा मोटर आतून अडकली आहे, नाहीतर तिच्या तारा आतल्या आत शॉर्ट झाल्या आहेत. क्वचित इंजिनच जाम झालेलं असतं.

५. 'घुंईऽऽ' असा आवाज, पण इंजिन ढिम्म : मोटर फिरतेय, जोर पोहोचत नाही. बेंडिक्स घसरतोय किंवा पिनियन पुढेच सरकत नाही.

६. 'खर्रर्र' असा कानठळ्या बसवणारा आवाज : दात्यांवर दाते घासताहेत. अशा वेळी हट्टानं पुन्हा पुन्हा किल्ली फिरवायची नाही. सेल्फचं पिनियन स्वस्तात बदलतं, फ्लायव्हीलची रिंग बदलायला मात्र गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

पाहिलंत? शेजारचे काका आणि आजोबा यांच्यातला वाद नुसत्या दिव्यांनी मिटवला. आपल्या आईच्या गाडीत एकच 'कट्' वाजला. दिवे मंद झाले असते, तर पहिला संशय काकांच्या बॅटरीवर. दिवे लख्ख राहिले, तर आजोबांचा सेल्फ किंवा वायरी.

ओहमचा नियम गॅरेजमध्ये

तिसऱ्या प्रकारात दोष सेल्फचा की वायरींचा, हे कसं ठरवायचं? इथे विज्ञानाच्या पुस्तकातला ओहमचा नियम कामाला येतो. व्होल्ट म्हणजे करंट गुणिले रोध.

गंजलेल्या जोडाचा रोध समजा फक्त ०.०२ ओहम आहे. एवढासा! घंटेच्या किंवा रेडिओच्या वायरीत तो कुणाला कळणारही नाही. पण इथून १५० अँपिअर जायला बघतात. १५० गुणिले ०.०२ म्हणजे ३ व्होल्ट. बारातले तीन व्होल्ट त्या जोडानंच गिळले! मग सेल्फ मलूल होणार नाही तर काय?

म्हणून हुशार मिस्त्री मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाला आणि दुसरी सेल्फच्या जाड टोकाला लावतो आणि कुणाला तरी किल्ली फिरवायला सांगतो. सेल्फ फिरत असताना मीटरवर साधारण अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर ती वायर किंवा तिचे जोड दोषी. मग हीच परीक्षा बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनच्या धातूपर्यंत. तिथे पाव व्होल्टच्या आसपास ठीक. आणि बॅटरीच्या दोन टोकांवर? इंजिन फिरत असताना साडेनऊच्या खाली गेलं, तर बॅटरीकडे बघा.

पावसाळ्यानंतर, विशेषतः कोकणातल्या खाऱ्या हवेत, टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड साठते. ती खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यानं धुवायची, तारेच्या ब्रशनं घासायची, कोरडं करून नट घट्ट आवळायचा आणि वर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवायचा. कितीतरी 'मेलेले' सेल्फ एवढ्यानंच जिवंत होतात! मात्र ही पूड आम्लाची असते. हातमोजे आणि चष्मा घातलेल्या मोठ्या माणसाचंच हे काम.

आता सेल्फ उतरवू या

वायरी ठीक निघाल्या, तर सेल्फ उतरवावा लागतो. मिस्त्री पहिल्यांदा बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढतो. पॉझिटिव्ह आधी का नाही? गाडीचा सगळा पत्रा निगेटिव्हला जोडलेला असतो. पॉझिटिव्हचा नट खोलताना पाना चुकून पत्र्याला टेकला, तर सरळ शॉर्ट! ठिणग्या उडणार आणि पाना लाल होणार. निगेटिव्ह आधी काढलं, की मंडळच तुटलं. मग पाना कुठेही टेको. बसवताना म्हणूनच निगेटिव्ह सर्वांत शेवटी.

मग वायरी काढायच्या, दोन-तीन बोल्ट खोलायचे आणि सेल्फ हातात. तो उघडला की काळी धूळ पडते. ती कार्बनची. मोटरचा फिरणारा भाग म्हणजे आर्मेचर. त्याला वीज द्यायला कार्बनचे छोटे ठोकळे स्प्रिंगनं त्याच्यावर दाबलेले असतात. पेन्सिलीसारखे तेही झिजतात. फार आखूड झाले, की स्प्रिंगचा दाब पुरत नाही. अशा वेळी सेल्फवर हलकेच ठोकलं, तर कार्बन जरा सरकतो आणि गाडी एकदा सुरू होते. पण हे औषध नाही हं! ठोकून चालू झाला, म्हणजे सेल्फनं 'मला उघडा' अशी चिठ्ठी पाठवली असं समजायचं.

मिस्त्री कार्बन बदलतो, आर्मेचरवरच्या तांब्याच्या पट्ट्या बारीक पॉलिश पेपरनं साफ करतो, दोन्ही टोकांचे बुश बघतो. बुश झिजले असले, तर आर्मेचर आतल्या चुंबकांना घासत फिरतं आणि करंट फुकट खातं. पिनियन हातानं फिरवून बघतो. एका बाजूला मोकळं फिरलं आणि दुसऱ्या बाजूला अडकलं, तर बेंडिक्स शाबूत. सगळं जोडून झालं, की सेल्फ गाडीत चढवण्याआधी शेगड्यात पक्का आवळून बॅटरी लावून बघायची. पक्का आवळायचा कशासाठी? सुरू होताना तो असा उसळी मारतो, की टेबलावरून उडीच घेईल!

आई-बाबांसाठी एक सूचना. मिस्त्रीला "सेल्फ बदला" असं सांगण्याऐवजी आवाज काय आला आणि दिवे कसे झाले, ते सांगा. बदललेले जुने भाग बघायला मागा. आणि किल्ली एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त धरू नका. मध्ये अर्धा-एक मिनिट थांबा. केटरिंगचं सूत्र आठवा, ही मोटर थोड्याच वेळाची आहे.

हे मात्र करायचं नाही!

काही जण स्क्रू ड्रायव्हरनं सोलेनॉइडची टोकं जोडून गाडी सुरू करतात. बघायला मोठी जादू वाटते. पण गाडी गिअरमध्ये राहिली असेल, तर ती त्याच क्षणी उडी मारून पुढे जाते आणि पुढे तोच माणूस वाकलेला असतो. यात माणसं चिरडली गेली आहेत. ही जादू कुणी दाखवू लागलं, तर त्याला थांबवा. तसंच, चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून तिच्याजवळ काडी, उदबत्ती, सिगारेट काही नको. आणि बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून तपासणी करायची नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न येता जीव घेतो.

तुम्ही करून बघा

गाडीला हात न लावता हीच तपासणी टेबलावर करता येते. दोन पेन्सिल सेल एकापुढे एक जोडा. त्यांना तारेचा छोटा टॉर्चचा बल्ब लावा. त्याच सेलना वेगळ्या वायरींनी जुन्या खेळण्यातली छोटी मोटर जोडा आणि तिच्या दांड्यावर रबराचा तुकडा बसवा. मोटर फिरेल, बल्ब पेटेल.

आता रबर चिमटीत धरून मोटर क्षणभर थांबवा. बल्ब मंद होतो! अडकलेली मोटर जास्त करंट ओढते, हा आपला चौथा प्रकार. नंतर मोटरच्या वायरीत मध्ये एक चांगला गंजलेला खिळा जोडा. मोटर थांबेल किंवा रेंगाळेल, बल्ब मात्र लख्ख राहील. हा तिसरा प्रकार. गंज खरवडून पुन्हा बघा. मोटर फिरू लागेल. प्रयोग झाला, की वायरी सोडवून ठेवा, नाहीतर सेल संपतील.

विजेवर चालणाऱ्या आजच्या गाड्यांना सेल्फ लागतच नाही, कारण त्यांच्या मोटरला कुणी ढकलून द्यावं लागत नाही. मजा अशी, की १९१२ च्या आसपासही रस्त्यांवर विजेच्या गाड्या होत्या आणि हँडल मारावं लागत नाही, हीच त्यांची मोठी ऐट होती. पेट्रोलच्या गाडीला विजेचा सेल्फ मिळाला आणि ती ऐट उतरली. आता शंभर वर्षांनी विजेच्या गाड्या पुन्हा आल्या आहेत!

या आठवड्याचा प्रश्न : मोठ्या ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट करतात. तेवढ्याच वॅटचं काम करायला ट्रकच्या सेल्फला करंट जास्त लागेल की कमी? आणि त्यामुळे वायरींचा काय फायदा होईल? ओहमचा नियम हाताशी घेऊन बसा. उत्तर पुढच्या अंकात!